वालाचा मांडव आन् आमचे मालक

...आन् वरून मलाच इचारतेत, "चाळणी घेतली तर काय झालं गं?" माझी चाळणी! माझ्या माहेरची, पितळंची, पुरणाची चाळणी! तिच्यात किडे! जित्ते, वळवळणारे, काळे, पाठीवर काटे असलेले किडे... आन् हा माणूस ती चाळणी माझ्या नाकापुढं धरून म्हणतोय, "नीट बघ गं जरा, ह्यो दोस्त हाय का दुश्मन?" तुम्हाला सांगते, लगनाला येवढी वर्षं झाली, ह्या माणसानं मला कधी "साडी कसली घ्यायची" म्हणून इचारलं न्हाई, "तू जेवलीस का" म्हणून इचारलं न्हाई, आन् किड्याबद्दल माझं मत पायजे! मी म्हणले, चाळणीत कोण हाय ते मला म्हाईत न्हाई, चाळणी धरलेला माझा दुश्मन हाय येवढं नक्की.

आता तुम्ही म्हणाल, शिवम्मा, नवऱ्याबद्दल असं बोलावं का? तुम्ही या की माझ्या घरी राहायला चार रोज! आमचे मालक वीरण्णा, जिंदगी सगळी लातूरच्या भुसार बाजारात गेली. तूर, हरभरा, उडीद. आता दुकान आमच्या पोरानं, मृत्युंजयनं हातात घेतलं आन् बापाला गोड बोलून सांगितलं, "आप्पा, लई केलंव, आता घरी आराम करा." आराम दुकानाला मिळाला ओ, माझ्या घराला न्हाई! घरात बसून माणसानं करायचं काय? आधी माझ्या डब्यात डोकं घातलं, "हिंग इतका कसा सरतोय?" मग फ्रीज उघडून उभे, "ही कोथिंबीर कवाची?" शेवटी मी दंडाला धरून परसात नेलं, म्हणले, ही माती, हे पाणी, हे फावडं, दिवे लागायच्या आत घरात येऊ नका. तर तिथं लावला वालाचा वेल. आन् खोटं कशाला बोलू, आला बी असा जोमात की पत्र्यापस्तोर मांडव झाला, जांभळ्या फुलांनी नुसता भरून गेला. यांची छाती अशी फुगली जणू वालाचा शोध यांनीच लावलाय.

आन् अशात देगलूरहून फोन आला. रुद्राणीचा, आमच्या लेकीचा. पहिलटकरीण, सातवा लागलेला, बाळंतपणाला आमच्याकडंच येणार. मी इचारलं, बाई, काय खावंसं वाटतंय? तर म्हणती कशी, "आई, मला दुसरं काय बी नको. आप्पांच्या मांडवावरच्या वालाची भज्जी पायजे, येळवशीला. हितं समदं मिळतंय गं, पन आपल्या घरचं न्हाई मिळत." फोन स्पीकरवर होता. मालक उठले, परसात गेले, वेलाकडं तोंड करून डोळे पुसले, आन् तिथूनच वरडले, "सांग तिला! बाजारचा एक दाणा जरी पातेल्यात पडला तर मला वीरण्णा म्हणू नको म्हणावं!" झालं! दिला शब्द! आता येळवशीला, म्हंजे येळा अमावस्येला, आमच्याकडं समदं लातूर रानात असतंय, कडब्याची कोपी, खोपटं करायचं, पांडव पुजायचे, आंबील, बाजरीचे उंडे, बेसन लावलेली हिरव्या दाण्यांची पातळ भाजी, म्हंजे भज्जी... गावात चिटपाखरू दिसत न्हाई. पन पोटुशी पोरीला ढेकळातून हिंदळत कुठं न्यायची? म्हणून यांनी ठरवलं, औंदा कोपी आपल्या परसातच, वालाच्या मांडवाला खेटून.

येवढ्यावर भागलं असतं तर मी तुमच्याफुडं बोंबलत बसले असते का? तिला पोचवायला कोण येणार? जावई न्हाई. जावयाचा बाप! ईश्वरप्पा! बघितलाव का कवा? काळाकभिन्न गडी, मिशा अशा दोन्हीकडं फेकलेल्या, कानातून केसाचे झुपके बाहेर आलेले, आन् आवाज असा की तांब्यातलं पाणी हालतंय. देगलूरला खताबियाण्याचं दुकान. व्याह्याला ते कानडीत बीगर म्हणतेत, तर आमच्या मालकांना नुस्तं "बीगर, बीगर" करून जीव काढतोय. पोरीच्या लगनात भर पंगतीत काय म्हणावं यानं? "बीगर, लातूरला माणसाला नळाचं पाणी आठवड्याला, मंग झाडाला काय रेल्वेनं आणताव का?" समदी पंगत हासली ओ! मालकांच्या घशात बुंदी अडकली ती अडकलीच. तवापासून तो माणूस माझ्या डोक्यात हाय. त्याच्यासमोर मांडव सुकला म्हंजे पोरीचा डोहाळा बी गेला आन् आमची इज्जत बी.

आन् नेमका तवाच मावा पडला! कवळ्या शेंड्याला मोहरी चिकटवल्यागत काळं काळं. पानं आखडली, हात लावला की चिकट, फुलं गळून खाली सडा. मी म्हणले, औषध मारा की काय तरी! तर माझ्यावरच डोळे काढले, "पोरीच्या पोटात जायचंय ते! अक्कल हाय का?" बरं बाबा, हे मातर खरं हाय, ते मी मान्य करते. आमची शेजारीण केवळाबाई, माहूरकडची, तिनं भिंतीवरून तोंड काढलं, "काय करून राहिले भाऊ? ढेकणाची पावडर देऊ का मी? माह्या घरी पडून राहिली!" मालक असे बघले तिच्याकडं की बाई तोंडासकट खाली गेली.

मंग मृत्युंजयनं, त्याचं भलं होवो, बापाला फोनवरच्या एका बागवाल्या गटात घालून दिलं. तिथं एक सर हायत. पुण्याकडचे असतेत का काय की, रोज सकाळी उठून बोलतेत, "नमस्कार मंडळी! प्रत्येक कीटक हा आपला शत्रू नसतो बरं का! काही मित्रकीटकही असतात! घाई करू नका! निरीक्षण करा! ओळखा! आणि मगच कृती करा!" निरीक्षण! रिकाम्या माणसाला निरीक्षण कर म्हणून सांगणारा माणूस कुणाचा मित्र असंल का ओ? दुसऱ्या दिवसापासून आमचे मालक परसात उकिडवे. दुकानातलं भिंग आणलं, तुरीतला भुंगा बघायचं. मुंगी गेली, भिंग. माशी बसली, भिंग. मी कपडे वाळू घालायला गेले, माझ्यावर भिंग! आन् दर येळंला एकच, "थांब, थांब... दोस्त हाय का दुश्मन?"

सरांनी फोटो पाठवले होते, पन फोनवरचा फोटो केवढा, आन् यांचा चष्मा दिवाणखान्यात. मंग यांनी सोताचीच रीत काढली. म्हणतेत, "अगं, मी दुकानात माणूस उंबऱ्यावर आला की तोंड बघून ओळखायचो. हा सरळ, हा लबाड. जिंदगीत फसलो न्हाई. किड्याचं काय येवढं? दिसायला बरा तो दोस्त, भयाण तो दुश्मन." मी म्हणले, आन् मला बघायला आलाव तवा उंबऱ्यावर काय ओळखलंव? तर भिंग पुसायलालेत.

मंग काय इचारताव! वांग्याच्या झाडावर आले किडे. गोल, तांबूस, पाठीवर ठिपकेच ठिपके, कुणी टिकल्या लावून पाठवल्यागत. मालक खूश! "दोस्त! अस्सल दोस्त! सरांच्या फोटोतला, मावा खाणारा ढालकिडा! ह्याला कुणी हात लावायचा न्हाई!" आन् ते दोस्त काय करायलालते? पानं खायलालते! समोर बसून, दिवसाढवळ्या! पानाची नुस्ती जाळी झाली, पलीकडचं दिसायलालतं. केवळाबाई पुन्ना वर आली, "अवो भाऊ, हे तं पानं खाऊन राहिले न!" तर हे म्हणतेत, "केवळाबाई, ते पान खाईनात, पानावरची कीड खायलालेत." कीड! आता पानच ऱ्हायलं न्हाई तर कीड बसली कशावर, असं मी इचारलं, तर म्हणतेत तुला निरीक्षण जमत न्हाई.

आन् त्या काळ्या काटेवाल्या अळ्या, मगरीच्या पिलागत, पाठीवर नारिंगी डाग, त्या माव्यात तोंड खुपसून फिरायच्या. त्या बघितल्या की यांचं टाळकंच सरकायचं. "ह्योच! ह्योच मूळ दुश्मन! तोंड तर बघ हरामखोराचं!" मंग माझी चाळणी खाली धरायची, माझ्याच उलथन्यानं वेल झटकायचा, आन् त्या अळ्या साबणाच्या पाण्यात. पाणी कशात? माझ्या श्रीखंडाच्या वाटीत! सकाळ झाली की दुश्मन धरायला सुरू, आन् संध्याकाळी मला बोलावून वाटी दाखवायची, जसं काय लढाई मारून आलेत. पन मावा? मावा रोजच्यापेक्षा जास्त! मी म्हणले, अवो, तुम्ही दुश्मन मारताव आन् वेल तर मरायलालाय, हे काय गणित हाय? तर म्हणतेत, "फौज मोठी हाय त्याची."

आन् ती साखर! ती तर सांगायचीच ऱ्हायली! दुकान उघडायच्या आधी मुंग्यांना मूठभर साखर टाकायची, ही यांच्या आजोबापासूनची रीत. गिऱ्हाईक नंतर, मुंगी आधी. आता दुकान पोराकडं गेलं, पन पुण्य कसं सोडतील? तर रोज सकाळी आंघोळ करून, भस्म लावून, "ॐ नमः शिवाय" म्हणत मांडवाच्या खांबाच्या बुडाशी मूठभर साखर! पाऊण लातूरच्या मुंग्या आमच्या परसात ओ! खांबावरून वर, वेलावरून खाली, वर, खाली... मालक भिंग लावून गहिवरले, "बघ कशा रांगंत कामाला चालल्यात! मुंगी म्हंजे दोस्त! माव्याचा फडशा पाडतेत आता." फडशा? मी भिंग हिसकावून घेतलं आन् बघितलं. एक मुंगी माव्याला काय करंना. उलट त्याच्या पाठीवरून हात फिरवायलालती, "ऱ्हा रं बाळा, जेवलास का" म्हणल्यागत. मी तसं सांगितलं, तर म्हणतेत, "मारायच्या आधी चाचपतेत." काय बोलावं ह्या माणसाला!

आन् अशा ह्या अवस्थेत, येळवस उद्यावर आन् वेलावर मोजून चार शेंगा, दारात गाडी थांबली. रुद्राणी उतरली. पोट हातात धरून, पाय सुजलेले, पन तोंडावर हासू, आन् पहिलं वाक्य काय? "आप्पा, वाल हाय न्हवं?" हे म्हणले, "हाय की! लई हाय!" म्हणले, आन् चाळणी घिऊन तडक परसात! मी पोरीला लगोलग आतल्या खोलीत आडवं केलं, परसाचं दार लावून घेतलं, आन् व्याह्याला म्हणले, अण्णा, बसा, हितं पंख्याखाली बसा, लांबून आलाव. पन तो कशाचा बसतोय! चहाची बशी हातात घिऊन, फुर्रर्र करत, सरळ परसात! "बघू तरी बीगरचा मांडव!"

मी मागनं पळाले. मालक तिथंच, चाळणी हातात, दुश्मनाला वाटीकडं न्यायलालते. आन् ईश्वरप्पा असा वरडला, असा वरडला की केवळाबाई भिंतीवर शिडी न लावता आली. "अय्यो! बीगर! काय करायलालाव हे? थांबा! थांबा! हे ढालकिड्याचं पोर हाय!" मालक म्हणले, "कुणाचं?" "ढालकिड्याचं! त्या लालभडक, तुळतुळीत किड्याचं! मावा खायचं काम ह्याचंच! दिसायला भयाण हाय, पन खातंय लई, म्हणून तर दोस्त! आन् तुम्ही साबणात बुडवायलालाव?" मालकांनी वाटीत बघितलं. वांग्याकडं बघितलं. बारीक आवाजात म्हणले, "मंग ते ठिपकेवाले..." तर हा गडी पान उपटून यांच्या नाकाफुडं, "हे? हे नुस्तं पानं खातंय! अंगावर लव बघा, रंग बघा मातकट, ठिपके बघा बक्कळ. ह्यो ढालकिड्याचा भाऊबंद, पन वाया गेलेला!" आन् मंग त्याची नजर खांबाच्या बुडाशी गेली. "साखर कुणी टाकली?"

मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं, आमच्या मालकांना सोताच्या पुण्याची लाज वाटली. ईश्वरप्पा कपाळाला हात लावून सांगायलालता, मावा गोड पाणी सोडतोय, मुंग्या ते पितेत, म्हणून मुंग्या माव्याला राखतेत, ढालकिडा आला की चावून हाकलतेत. "म्हंजे बीगर, दुश्मनाला राखणदार ठिवलाव तुम्ही! आन् त्यांचा खुराक बी घरचाच!" केवळाबाई भिंतीवरून, "हे तं लई झालं न भाऊ!" मालकांनी उलटी बादली ओढली आन् तिच्यावर बसले. मंग चाळणीत ज्या दोन-चार अळ्या जित्त्या होत्या, त्या माझ्या चमच्यानं एक एक उचलून परत शेंड्यावर नेऊन ठिवायला लागले, आन् दर येळंला, "माफ कर बाबा, चूक झाली..." तुम्हाला सांगते, मी इतके रोज दात-ओठ खात होते, ती संधी आली होती, बोलायला तोंड बी उघडलं... आन् बोलवलं न्हाई मला. माणूस तसा बघवत न्हवता. पोरीला दिलेला शब्द गेला होता ना त्यांचा.

पन ईश्वरप्पाला हे कुठलं कळायला! त्यानं बाह्या वर केल्या, माझ्याकडून एरंडेल मागितलं, चिंधी भिजवून खांबाला आवळली म्हंजे मुंगी चढायची न्हाई, आन् साखर उचलून पार पलीकडच्या भिंतीला नेऊन टाकली. "पुण्य तिथं बी लागतंय बीगर." मी धुण्याचं ठिवलेलं चांगलं पिंपभर पाणी काढून शेंड्यावर मारलं. माझ्या नळाला पाणी कवा येतंय म्हाईत हाय ना तुम्हाला? पन मारलं. शेंगा दाबत, पानं उलटीपालटी करत समद्या वेलाचे दाणे निघाले मूठभर. पाच माणसांच्या भज्जीला मूठभर! मी ते ताटलीत घिऊन स्वयंपाकघरात दाणे मोजत उभी.

तर मागनं आवाज, "विहीणबाई..." बघते तर ईश्वरप्पा. हातात कापडी पिशवी. मी म्हणले, आला आता मीठ चोळायला! तर हा गडी, ज्याच्या आवाजानं तांब्यातलं पाणी हालतंय तो, कुजबुजत म्हणतोय, "हळू बोला. बीगर ऐकतील. आमच्या वेलाचे दाणे हायत, येताना आणले होते. म्हणलं, लागले तर लागले. सुनेला डोहाळा बापाच्या वेलाचा हाय, सासऱ्याच्या न्हाई. मिसळून टाका. भज्जीत कुणाचं नाव लिवलेलं असतंय का?" पिशवी ओट्यावर ठिवली आन् परसात जाऊन पुन्ना ठणाणा, "बीगर! कोपी वाकडी झाली की ओ!" तुम्हाला सांगते, माझ्या डोळ्यात टचकन पाणी आलं, आन् त्याच दमात राग बी आला. अवो, ज्या माणसाला मी लगनापासून मन लावून शिव्या दिल्या, त्यानं असं ऐन येळंला चांगलं निघावं? आता मी काय करायचं? शिव्या कुणाला द्यायच्या?

येळवशीला परसात कोपी. दगडाचे पाच पांडव मांडले, चुन्यानं रंगवले, आंबिलीचं बोळकं ठिवलं. भज्जी शिजली, घर सगळं दरवळलं. रुद्राणीनं पहिला घास घेतला, डोळे मिटले, म्हणली, "आप्पा, हीच! हीच चव!" मालकांनी तोंड फिरवलं, उपरण्यानं नाक पुसलं... आन् मंग बसले ना ताठ! मूठभर दाण्यावर बसले ताठ! आन् कुणाला सांगतेत? ईश्वरप्पाला! "बीगर, मातीचा गुण असतोय हा. ही चव देगलूरच्या मातीत येत न्हाई, काय बी करा." माझा घास घशात अडकला, बुंदीवाणी! ईश्वरप्पानं माझ्याकडं बघितलं, मी ताटात बघितलं. तर तो गडी मिशीला लागलेली भज्जी पुसत म्हणतोय, "हाव बीगर. लातूरची शेंग ती लातूरची शेंग. वाढा की विहीणबाई अजून." हे कुणाला सांगू नका बरं. आमच्या मालकांना अजून म्हाईत न्हाई, आन् माझ्याकडून कळणार बी न्हाई.

पन माझं गाऱ्हाणं फुडंच हाय! हा माणूस येळवशीच्या दुसऱ्या दिवशी जाणार होता. गेला का? न्हाई! "मावा उतरंस्तवर थांबतो," म्हणला. मावा उतरला, वेलाला नवं फूल आलं, तर "शेंग धरंस्तवर थांबतो." दोघं व्याही सकाळपासून परसात उकिडवे, एक भिंग, दोन डोकी, आन् दर येळंला वरडायलालेत, "दोस्त! बीगर, दोस्त हाय ह्यो!" आन् दुपारी ईश्वरप्पा पानावर बसला की थांबायचं नाव न्हाई! भाकरी थापून थापून माझे हात आले भरून, पीठ सरलं, ठेचा सरला, काल तर मृत्युंजयच्या डब्यातली पोळी गेली.

आन् आज मालक चोरपावलांनी स्वयंपाकघरात आले, हातात भिंग. दाराच्या फटीतून पानावर बसलेल्या ईश्वरप्पाकडं भिंग लावून बराच येळ बघितलं, आन् माझ्या कानात म्हणतेत, "अगं, मी उंबऱ्यावर माणूस ओळखणारा... पन ह्याचं काय कळंना झालंय. दोस्त हाय का दुश्मन?"

मी परातीत पीठ घेतलं. म्हणले, दिसायला भयाण हाय, आन् खातंय लई. म्हंजे दोस्तच असंल. सरका, भाकरी थापू द्या.